खंडोजीरावांनी बंद केलेली गिरणी

म्हैसूरजवळच्या कडकोळच्या सूतगिरणीत नोकरीला लागले तेव्हा तिथे मराठी बोलणारं कुणी भेटेल असं मला वाटलं नव्हतं. मी मूळची सांगलीची. नवऱ्याला, दिलीपला, म्हैसूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत काम मिळालं म्हणून आम्ही २००६ साली इथे आलो, आणि दोन वर्षांनी मी गिरणीच्या ऑफिसात लागले. पहिल्याच आठवड्यात माझ्या डोक्यावरचा पंखा बंद पडला. तो बघायला एक उंच, काटकुळा माणूस शिडी घेऊन आला. मी फोनवर आईशी बोलत होते. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचं की नाही, असं चाललं होतं. त्या माणसाने पंखा खोलला, पुसला, परत बसवला, चालू करून मिनिटभर खाली उभा राहिला आणि जाताना म्हणाला, "मॅडम, आईला ऑपरेशन करून घ्या म्हणून सांगा. माझ्या बायकोचं झालं. आता चांगली चालते."

मी चमकून वर बघितलं. तो हसत होता.

ते एन. खंडोजी राव, मेंटेनन्सचे फिटर. त्यांचे पणजोबा म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते आणि घराणं तेव्हापासून शहरातल्या नजरबाद भागात राहत होतं. आडनाव विचारलं तर म्हणाले, "होतं काहीतरी. आता रावच." घरात ते आणि इंदिराबाई मराठीच बोलत, पण दर दोन वाक्यांत एक कन्नड शब्द येई, आणि माझ्या मराठीतले निम्मे शब्द त्यांना कळत नसत. "तुम्ही पेपरासारखं बोलता," असं मला म्हणायचे. मुलगी काव्या लग्न होऊन बेंगळुरूला गेलेली. महाराष्ट्रात ते एकदाच, कुणाच्या तरी लग्नाला गेले होते, आणि तिथले लोक फार भरभर बोलतात एवढंच त्यांच्या लक्षात राहिलं होतं.

गिरणीत त्यांचा एकच जिवलग होता, राघवेंद्र. राघवेंद्र बन्नूरचे, रोज दोन बस बदलून येत. सूत तुटू नये म्हणून गिरणीतली हवा कायम दमट ठेवावी लागते; ते खातं राघवेंद्रांकडे होतं. यंत्रांच्या खालून हवा खेचून घेणारं एक भुयार असतं. ते दुसऱ्या शेडखालून जात जात मागच्या पंख्याच्या खोलीत निघायचं. त्या भुयारात उतरून साचलेला कापूस काढायचा, मोठे पंखे सांभाळायचे, हे राघवेंद्रांचं काम. दुपारी दोघं पंख्याच्या खोलीमागच्या कट्ट्यावर डबा खात. राघवेंद्रांचा दहीभात, खंडोजीरावांची चपाती आणि इंदिराबाईंची लसणीची चटणी. बावीस वर्षं. बोलत फारसे नसत. मी एकदा विचारलं, तर खंडोजीराव म्हणाले, "पंख्याच्या आवाजात काय बोलणार? सवय झाली सुम्ने बसायची." सुम्ने म्हणजे नुसतं, गप्प.

२०२१ साली गिरणी बंद पडली. आधी टाळेबंदी, मग सुताची घटलेली मागणी, मग बँका, मग कोर्ट. कोर्टाने लिक्विडेटर नेमला, म्हणजे मालमत्ता विकून निकाल लावणारा अधिकारी. कामगार घरी गेले. कागदपत्रं ठाऊक असलेली म्हणून त्या ऑफिसने मला ठेवून घेतलं, आणि इमारत ठाऊक असलेला एक माणूस हवा म्हणून खंडोजीरावांना. शेवटच्या दिवशी फाटकापाशी राघवेंद्र त्यांना म्हणाले होते, "तू राहतोयस ते बरं झालं. आपलं कुणीतरी आत राहिलं." दोघं कन्नडमध्येच बोलत, त्यांचं बोलणं मी मराठीत सांगते आहे.

रिकामी इमारत लोक किती लवकर मोडून नेतात हे मला माहीत नव्हतं. खंडोजीरावांना होतं. शेजारच्या एका कारखान्याची गत त्यांनी पाहिली होती. आधी पोरं दगड मारून काचा फोडतात. काचा फुटल्या की इथे कुणी नाही हे सगळ्यांना कळतं. मग नळ जातात, मग वायरी, मग दारांच्या चौकटी, आणि एक दिवस आत चूल पेटलेली दिसते. तीन दिवस ते वही घेऊन गिरणीभोवती फिरले. मी विचारलं, एवढं काय बघताय?

"माणूस कुठून आत येईल हे बघायचं तर चोरासारखं फिरायला लागतं, मॅडम," ते म्हणाले.

वहीत दोनशे चौदा जागा लिहिल्या होत्या. खिडक्या, झरोके, गटाराची तोंडं, मालाची दारं. पुढचे चार महिने त्यांनी त्या एकेक करून बंद केल्या. खालच्या सगळ्या खिडक्यांना पत्रे ठोकले. बाहेरून पाना लागू नये म्हणून गोल गुळगुळीत डोक्याचे बोल्ट लावले आणि नट आतून आवळले. छपरावर जाणाऱ्या लोखंडी शिडीचा खालचा भाग कापून काढला, दीड पुरुष उंचीपर्यंत. कुणी नळ तोडलाच तर पाणी साचून भिंती कुजू नयेत म्हणून टाक्या रिकाम्या केल्या आणि पाणी तोडलं. कुंपणाच्या आतलं गवत कापून ठेवलं, म्हणजे आत शिरलेला माणूस रस्त्यावरून दिसावा. दारांना गुडघ्याच्या उंचीवर गिरणीतल्याच सुताचा एक धागा बांधून ठेवत. धागा तुटला असेल तर दार कुणीतरी उघडलंय.

दोन मोठ्या शेडमध्ये यंत्रं होती. त्यांच्या दारांवर कोर्टाचं लाखेचं सील होतं. ते माझ्यासमोरच उघडायचं, कागदावर सह्या व्हायच्या आणि परत लावायचं, असा नियम होता. मी दर सोमवारी जात असे. बाकीचे दिवस खंडोजीराव एकटे. पुढच्या फाटकावर एजन्सीचा एक पहारेकरी असे, पण तो फाटक सोडून आत येत नसे.

पहिली चोरी नोव्हेंबरात झाली. सोमवारी सील उघडून दुसऱ्या शेडमध्ये शिरलो तर भिंतीवरची तांब्याची जाड केबल ऐंशी फूट गायब. सील शाबूत, पत्रे शाबूत, धागे शाबूत. मी हबकले. खंडोजीराव उकिडवे बसून केबलचं कापलेलं टोक बोटांनी चाचपत राहिले. मी म्हटलं, चोर आला कुठून? ते म्हणाले, "बघतो."

त्यांना तेव्हाच कळलं होतं. मला ते पुष्कळ नंतर त्यांनी सांगितलं. कापलेल्या टोकावर काळी टेप गुंडाळलेली होती. "चोर टेप कशाला लावतो, मॅडम? सुम्ने तोडून नेतो, अल्वा? नाही काय? उघडी तार कुणाला लागू नये म्हणून टेप लावणारा एकच माणूस होता आमच्यात." लाइट तोडलेली होती, त्या तारेत काही नव्हतं, तरी टेप लावली होती. आणि भुयारातून अंधारात शेडपर्यंत सरपटत येणंही त्याच माणसाला जमण्यासारखं होतं. दोनशे चौदा जागांच्या यादीत पंख्याच्या खोलीतलं भुयाराचं तोंड नव्हतं. कोण त्यातून येणार, असं त्यांना वाटलं होतं.

पुढच्या रविवारी ते बसने बन्नूरला गेले. राघवेंद्र तेव्हा एका गुऱ्हाळावर भट्टीत चिपाडं घालायच्या कामाला जात, तेही उसाच्या हंगामापुरतं. घरी होते. दोघं ओसरीवर बसले. राघवेंद्रांच्या बायकोने, वरलक्ष्मीने, कॉफी आणून दिली आणि इंदिराक्का कशा आहेत म्हणून विचारलं. ती आत गेल्यावर खंडोजीराव म्हणाले, "उद्या पंख्याच्या खोलीतलं भुयाराचं तोंड बंद करतोय. जाड सळीची जाळी वेल्ड करणार."

"कर," राघवेंद्र म्हणाले. "तुझं काम आहे ते."

"वेल्ड करायच्या आधी आत हाक मारणार आहे."

"उंदीर ओ देणार का तुला?"

राघवेंद्रांनी कप खाली ठेवला. मग राघवेंद्र म्हणाले, "ती केबल आपण दोघांनी ओढली होती. तू त्या टोकाला, मी या टोकाला. तुझा खांदा सोलवटला होता."

"आठवतं."

"आता ती कुणाची?"

"कोर्टाची," खंडोजीराव म्हणाले.

एवढंच बोलणं झालं. सोमवारी त्यांनी भुयारात डोकं घालून तीनदा हाक मारली आणि मग जाळी वेल्ड केली. मला म्हणाले, "जागा सापडली. आता येणार नाही." कोण येणार नाही हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

तीन महिने काही झालं नाही.

मार्चमधल्या एका शुक्रवारी, दिवस कलताना, राघवेंद्र मागच्या कुंपणावरून आत आले. गुऱ्हाळाचा हंगाम संपला होता. लांब बांबू भिंतीला टेकवून ते शिडीच्या वरच्या, न कापलेल्या भागापर्यंत चढले आणि तो बांबू त्यांनी वर ओढून घेतला, म्हणजे खालून कुणाला दिसू नये. छपरावर सिमेंटचे पत्रे होते आणि मधेमधे उजेडासाठी फायबरचे. उन्हाने ते फायबर कागदासारखं झालेलं. दुसऱ्या शेडवरून जाताना पाय त्यावर पडला आणि राघवेंद्र खाली आले.

शनिवारी सकाळी खंडोजीराव नेहमीसारखे फेरीला निघाले. पहिल्या शेडच्या कोपऱ्यावर असताना त्यांना लांबून टकटक ऐकू आली. थांबून थांबून, तीन-तीन ठोके. ते आवाजाच्या दिशेने गेले. दुसऱ्या शेडच्या शटरपाशी पोचले तेव्हा आवाज थांबला होता. सील शाबूत होतं, धागा शाबूत होता. त्यांनी पत्र्याला कान लावला. मग शटरवर थाप मारून विचारलं, "यारु?" कोण आहे?

काही उत्तर नाही.

त्यांनी शेडला पूर्ण फेरी मारली. ऊन चढलं की तापलेले पत्रे वाजतात, आत कबुतरंही अडकतात. पण त्यांचं मन मानेना. त्यांनी तिथूनच मला फोन केला.

आमच्याकडे त्या दिवशी जेवायला माणसं यायची होती. माझा एक हात कणकेत होता.

"मॅडम, दुसऱ्या शेडमध्ये काहीतरी वाजतंय. उघडून बघूया काय?"

"काय वाजतंय?"

"टकटक करून. आता थांबलं."

"कबुतर असेल, खंडोजीराव. गेल्या महिन्यात नव्हतं का निघालं? सील काढायचं म्हणजे मला यायला लागणार, परत सगळे कागद. सोमवारी येतेच आहे."

ते मग म्हणाले, "आयितु, मॅडम." ठीक आहे. आणि फोन ठेवला.

मला त्या दिवशी काय काय केलं होतं ते सगळं आठवतं. दोन भाज्या, कोशिंबीर, श्रीखंड बाहेरून आणलेलं. त्या फोनची मात्र संध्याकाळपर्यंत एकदाही आठवण झाली नाही.

रविवारी त्यांना सुट्टी.

सोमवारी दहाच्या सुमाराला मी पोचले. खंडोजीराव शटरपाशी उभे होते. मी सील तपासलं, तोडलं, त्यांनी शटर वर केलं. आधी वास आला. छपराला भोक पडलं होतं आणि तिथून उन्हाचा एक मोठा चौकोन यंत्रांमध्ये पडला होता. राघवेंद्र शटरच्या अगदी आत, भिंतीशी, एका कुशीवर पडलेले होते. हातात सूत गुंडाळायचं लाकडी बॉबिन होतं. पडले तिथपासून शटरपर्यंत धुळीत फरपटल्याची रुंद खूण होती. डोळे उघडे होते. ओठ हलले. "नीरु," ते म्हणाले. पाणी.

खंडोजीराव धावले ते थेट कोपऱ्यातल्या नळापाशी. नळ सोडला, पिळला, दोन्ही हातांनी पिळला. पाणी त्यांनीच तोडलं होतं. मी गाडीतली बाटली आणली. बाटली घेऊन ते राघवेंद्रांचं डोकं मांडीवर धरून बसले आणि एकेक घोट पाजत राहिले. ॲम्ब्युलन्स मी बोलावली.

कंबरेच्या वरचा मणका मोडला होता. डॉक्टर म्हणाले की पाय परत येणार नाहीत, आणि लगेच आणलं असतं तर आले असते का, ते सांगता येणार नाही. ते "सांगता येणार नाही" खंडोजीरावांच्या मनातून कधी गेलं नाही.

चोरीची फिर्याद माझ्या सहीने गेली. ते ऑफिसचं काम होतं. पोलिस स्टेशनात खंडोजीरावांचा जबाब झाला तेव्हा मी शेजारच्या खुर्चीवर होते. त्यांनी सगळं सांगितलं. शनिवारी आवाज ऐकला, हाक मारली, उत्तर आलं नाही, पत्रा वाजतोय असं वाटलं.

"मग कुणाला सांगितलं का?" इन्स्पेक्टरने विचारलं.

"नाही सर," खंडोजीराव म्हणाले.

मी मांडीवरच्या पर्सकडे बघत राहिले. आता बोलू, मग बोलू, असं करता करता जबाब टाइप झाला, त्यावर त्यांची सही झाली आणि आम्ही बाहेर आलो. बाहेर आल्यावर त्यांनी मला एवढंच विचारलं, "तुम्ही गाडी सावलीत लावलाय काय?"

महिन्याभराने ऑफिसचं पत्र आलं. इमारतीच्या चोख बंदोबस्तामुळे चोरीचा प्रयत्न फसला, त्याबद्दल एन. खंडोजी राव यांचं अभिनंदन. मी ते त्यांना दिलं. त्यांनी उभ्याउभ्या वाचलं आणि परत माझ्याकडे दिलं. "फाइलीत लावा," म्हणाले.

राघवेंद्रांना बन्नूरला नेलं, त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी खंडोजीराव तिथे गेले. वरलक्ष्मीने दार उघडलं, त्यांना बघितलं आणि दार लावून घेतलं. ते ओसरीवर बसले, तीनच्या बसने परतले. पुढच्या रविवारी तसंच. चौथ्या का पाचव्या रविवारी आतून भांडं पडल्याचा आवाज आला आणि वरलक्ष्मी बाहेर येऊन म्हणाली, "एकटीला उचलत नाहीत ते. धरा." तेव्हापासून ते आत जाऊ लागले. कुशीवर वळवणं, अंग पुसणं, पाठीवरच्या जखमांना औषध लावणं, सगळं शिकले. वरलक्ष्मीने एका भाताच्या गिरणीत काम धरलं होतं. रविवारी तिला विसावा मिळे.

मी हे इंदिराबाईंकडून ऐकत होते. त्या म्हणाल्या, "घरी आले की जेवत नाहीत. भिंतीकडे बघत बसतात. मी म्हणते, डॉक्टरला दाखवा. तर म्हणतात, मला काय झालंय?"

पुढच्या वर्षी लिलाव झाला. ज्यांनी जागा घेतली त्यांना गिरणी नको होती, जमीन हवी होती. यंत्रं भंगारात गेली आणि अकरा दिवसांत इमारत पाडली. कुलपं उघडायला म्हणून खंडोजीरावांना बोलावलं होतं. जेसीबीने खिडक्यांवरचे पत्रे बोल्टांसकट उपटले. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा मुकादमाकडे दिला आणि बस पकडली. नोकरी संपली. त्यानंतर शहरातल्या दोघातिघांनी त्यांना विचारलं. परदेशी गेलेल्यांची घरं, बंद पडलेलं एक लॉज, बंदोबस्त करून द्या म्हणून. त्यांनी सगळ्यांना नाही म्हटलं आणि आठवड्यातून तीनदा बन्नूरला जायला लागले.

एका रविवारी मी म्हटलं, आज मी गाडीने सोडते. त्यांनी नको म्हटलं नाही. मला आत बोलावतील असं वाटलं नव्हतं, पण वरलक्ष्मीला त्या रविवारीही कामावर बोलावलं होतं आणि दार उघडंच होतं. राघवेंद्र खिडकीशेजारी खाटेवर होते. खूप लहान झाले होते. मला त्यांनी ओळखलं, नमस्कार केला. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. खंडोजीरावांनी त्यांना कुशीवर वळवलं, पाठीमागे उशी लावली आणि हात तसाच उशीवर ठेवून म्हणाले, "शनिवारी मी ऐकलं होतं. टकटक."

राघवेंद्र खिडकीबाहेर बघत होते. "माहीत आहे," ते म्हणाले. "कुणीतरी ऐकेल म्हणून ठोकत होतो. किल्ल्या वाजल्या आणि कळलं, तूच आहेस."

"मी हाक मारली."

"मारलीस. मी तोंडावर हात धरला."

खंडोजीरावांनी उशीवरचा हात काढून घेतला.

"घरी येऊन सांगून गेला होतास तू. मग कोणत्या तोंडाने ओ देऊ? मला वाटलं, पाय बधिर झालेत, दुपारपर्यंत ठीक होतील. मग कुठूनतरी जाईन. तू लांब गेल्यावर मात्र भीती वाटली. तेव्हा ओरडलो. पण घसा कोरडा पडला होता." त्यांनी मान वळवून खंडोजीरावांकडे बघितलं. "तू चांगलं बंद केलं होतंस रे. आवाज बाहेर जात नव्हता."

खंडोजीरावांनी कपडा ओला केला आणि त्यांची मान पुसायला सुरुवात केली. मी स्टुलावर बसून होते. त्या खोलीत बोलण्यासारखं माझ्याकडे एक वाक्य होतं आणि ते मी तेव्हाही बोलले नाही.

परतताना, बन्नूरच्या बाहेर, उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी अडकली. मी म्हटलं, "खंडोजीराव, फोनचं तुम्ही कधीच कुणाला सांगितलं नाहीत."

"कोणता फोन?" ते म्हणाले. आणि खिडकीची काच वर केली.

राघवेंद्र गेल्या श्रावणात गेले. पाठीच्या जखमा चिघळत गेल्या आणि शेवटी ताप उतरलाच नाही. त्यांच्यावरची केस बंद झाली. दिवसकार्य झाल्यावर खंडोजीराव पुन्हा बन्नूरला गेले, काही सामान आणून द्यायचं आहे का विचारायला. वरलक्ष्मीने त्यांना बसवलं, कॉफी दिली आणि कप उचलताना म्हणाली, "आता येऊ नका, अण्णा. तुम्ही आलात की अजून त्यांना वळवायचं आहे असं वाटतं मला."

तेव्हापासून ते गेले नाहीत.

मी मात्र गेले. एकटी गेले. तिच्या कामाच्या सुट्टीचा दिवस बघून, फळं घेऊन. वरलक्ष्मी परातीत तांदूळ निवडत होती. मी तिला सगळं सांगितलं. शनिवारचा फोन, कणकेचा हात, कबुतर, सोमवार. माझं कन्नड अशा वेळी फार अपुरं पडतं. दोन-तीन वाक्यं मी दोनदा बोलले. तिचा हात थांबला नाही. एक खडा काढून तिने बाजूला टाकला, मग म्हणाली, "आता याचं मी काय करू?"

तिने मला चहा-कॉफी विचारली नाही आणि जा असंही म्हटलं नाही. थोड्या वेळाने मी उठले.

तिथून मी सरळ नजरबादेला गेले. खंडोजीराव पुढच्या खोलीत खुर्चीवर बसले होते, टीव्ही आवाज बंद करून चालू होता. इंदिराबाई आत कुकर लावत होत्या. मी खंडोजीरावांना म्हटलं, वरलक्ष्मीला सांगून आले.

इतक्या वर्षांत मी त्यांना रागावलेलं पाहिलं नव्हतं. आवाज चढवला नाही त्यांनी, पण रिमोट उचलून टीव्ही बंद केला.

"कशाला सांगितलात?"

"खरं होतं म्हणून."

"खरं होतं. तुम्हाला हलकं वाटलं काय?"

मी अजून दाराशीच उभी होते.

"ती माझ्यावर राग धरून होती, मॅडम. एका माणसावर राग धरला की दिवस जातो. दार लावता येतं त्याच्या तोंडावर. परत उघडतापण येतं. आता तिने कुणाकुणावर धरायचा? तुमच्यावर, माझ्यावर, त्या सीलावर, कोर्टावर? आणि त्याने तोंडावर हात धरला होता, त्याच्यावरपण?" त्यांनी रिमोट बाजूला ठेवला. "दोन वर्षं मी सांभाळलो होतो ते."

आतून कुकरची शिट्टी झाली. इंदिराबाई दारात आल्या, आम्हा दोघांकडे बघून काहीतरी झालंय हे त्यांना कळलं, आणि त्यांनी मला जेवून जा म्हणून आग्रह केला. मी जेवले. खंडोजीराव आमच्याबरोबर बसले, पण त्यांनी भात कालवला आणि तसाच ठेवला.